खिडकीत टांगलेल्या पट्ट्या

बाळांनो, एक जुनी मोटारगाडी डोळ्यांसमोर आणा बरं. आताच्या गाड्यांसारखी चपटी नाही, चांगली गुबगुबीत. पुढचे दोन दिवे इतके गोल, की हिला आत्ताच कुणीतरी गुदगुल्या केल्यात असं वाटावं. आता दार उघडा आणि आत बसा. बसताना एक हात दारावर ठेवलात ना? काच खाली आहे म्हणून कोपरही टेकवलंत. समोर एक छोटा कप्पा दिसतोय, त्यात काय आहे ते बघायला त्याचं झाकण ओढलंत. झाकण लावताना ते अंगठ्याने दाबलंत. बघा, गाडी अजून सुरूही झाली नाही आणि तुम्ही तिला कुठे कुठे हात लावून बसलात!

भिंगरीची आत्या नेमकं हेच सांगायची. "बाहेरचा रंग लोक बघतात, आतल्या रंगाला लोक हात लावतात. म्हणून आतला रंग जास्त सोसणारा पाहिजे."

आत्याचं कामच ते होतं. जुन्या गाड्यांचे आतले भाग, म्हणजे डॅशबोर्ड, कप्प्याचं झाकण, दारांच्या वरच्या कडा, असं सगळं सुटं करून ती रंगवायची. रस्त्याला लागून तिचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक मोठी खिडकी आणि रंग पातळ करायच्या थिनरचा वास. इंजिनाकडे बघायला पकडकाका होते. त्यांच्या हातात कायम पकड असायची. चहाचा कपसुद्धा ते एखाद दिवशी पकडीने उचलतील, असं आत्या म्हणायची.

आणि भिंगरी ही आत्याची भाची. शाळा सुटली की घरी जायच्या आधी ती इथे यायची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलेलं. भिंगरीचं एक दुखणं होतं. तिच्या हातांना फार घाम यायचा. वहीत अक्षरं फिसकटायची, खेळताना कुणी हात धरला की लगेच सोडून फ्रॉकला पुसायचं. पण आत्याच्या कारखान्यात हेच हात मोलाचे होते. कसे, ते सांगतो.

आत्या कुठलाही रंग डब्यावर लिहिलेलं वाचून निवडत नसे. ती रंगाची परीक्षा घ्यायची. पत्र्याच्या वीतभर पट्ट्या कापायच्या, घासायच्या, प्रायमरचा, म्हणजे रंगाखालचा, राखाडी हात द्यायचा आणि एकेका पट्टीवर एकेक रंग मारायचा. वाळला, की प्रत्येक पट्टीची अर्धी बाजू काळ्या चिकटपट्टीने झाकायची आणि त्या सगळ्या खिडकीच्या काचेआड दोऱ्याने टांगायच्या. उन्हात उभ्या गाडीत काचेआडून ऊन येतं ना, तसंच. वर, लोकांच्या हाताला तेल-क्रीम असतंच, म्हणून रोज हाताला क्रीम लावून, घामट अंगठ्याने प्रत्येक पट्टी खसखसा चोळायची. ऊन चांगलं मुरलं, की काळी चिकटपट्टी सोलायची आणि झाकलेली बाजू उघड्या बाजूशी ताडून बघायची.

"हे चोळायचं काम भिंगरीचं," आत्याने सांगून टाकलं होतं. "असा खणखणीत घाम विकत मिळत नाही."

हे ऐकल्यावर भिंगरी आपल्या हातांकडे पहिल्यांदाच जरा प्रेमाने बघायला लागली.

तर, ती गुबगुबीत गाडी होती घड्याळजींची. घड्याळं दुरुस्त करणारे एक शांत, हसरे गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांची. आतला मूळचा रंग कोवळ्या वाटाण्यासारखा हिरवा होता, तो कधीच पोपडे होऊन गेला होता. घड्याळजी म्हणाले, "ताईला फिरवायचंय हो यातून. आम्ही दोघं लहानपणी मागच्या सीटवर भांडायचो. तोच हिरवा पाहिजे, आणि तशीच झिलई."

आत्याने तीन रंग परीक्षेला बसवले. एक तिच्या पसंतीचा, दोन डब्यांतलं एकत्र करून मारायचा. त्याला वास उग्र, मारताना तोंडाला मास्क लावावा लागतो आणि चमक जरा मंद, पण कडक. दुसरा पकडकाकांनी सुचवलेला. आणि तिसरा निवडायला सांगितला भिंगरीला.

समोरच रंगाचं दुकान होतं, रंगवाल्या आजोबांचं. भिंगरीने तिथे एका पत्र्यावरचा नमुना पाहिला आणि ती जागेवर खिळली. काय ती चमक! बोट लावलं तर ओलं होईल असं वाटावं.

"हाच!" भिंगरी म्हणाली.

आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय गं?"

"हाच पाहिजे!"

"हा होय? चांगला आहे. गेटला, खिडकीच्या गजांना उत्तम." आजोबांनी डबा उघडून आधी वास घेतला. रंग ताजा की शिळा हे ते नाकाने ओळखायचे. "पण गाडीच्या आत म्हणशील, तर आत्याला सांग, आधी लावून बघ म्हणावं. सारखा हात लागणारी जागा ती."

भिंगरीने "हो" म्हटलं आणि उड्या मारत रस्ता ओलांडला.

पट्ट्या टांगल्या गेल्या. पकडकाका जाता-येता भिंगरीच्या पट्टीला नमस्कार करायचे. "काय नटवी आहे गं तुझी! लग्नाला निघाली की काय?"

"तुमचीच रडकी आहे!" भिंगरी म्हणायची.

"बघू हं, परीक्षेत कोण रडतं ते."

सुरुवातीला सगळं ठीक होतं. भिंगरी रोज क्रीम लावायची, तिन्ही पट्ट्या इमानाने चोळायची. पकडकाकांच्या पट्टीवर बारीक तडे दिसायला लागले, तेव्हा तिने अख्ख्या कारखान्यात नाचून घेतलं. पकडकाका म्हणाले, "नाच, नाच. तुझी बाकी आहे अजून."

आणि मग एका दुपारी तिच्या अंगठ्याला काहीतरी चिकट लागलं.

तिने अंगठा उचलला. झिलईवर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघन् रेघ स्पष्ट. तिने पुन्हा हलकेच चोळलं, तर रंग सुरकुतला आणि खालचा राखाडी प्रायमर डोकावला. भिंगरीचा अंगठा हिरवा झाला.

आत्या मागच्या अंगणात स्प्रे गन धूत होती. पकडकाकांचे फक्त पाय दिसत होते, बाकीचे काका एका गाडीखाली होते. भिंगरीला वाटलं, आता हे पाय बाहेर येणार आणि विचारणार, काय झालं गं नटवीला?

एखादी पट्टी पडली, वाकली तर असावी म्हणून आत्या प्रत्येक रंगाची एक जादा पट्टी फडताळात ठेवायची. भिंगरीने ती काढली. कोरी, चकचकीत. तिच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली, जुनीच्या जागी टांगली, आणि जुनी पट्टी कंपासपेटीत घालून पेटी दप्तराच्या तळाशी खुपसली. एवढं सगळं झालं तरी पकडकाकांचे पाय जागचे हलले नव्हते.

त्या दिवसापासून ती आत्याच्या आणि पकडकाकांच्या पट्ट्या नेहमीसारख्या खसखसा चोळायची आणि स्वतःच्या पट्टीवरून बोट असं फिरवायची, जसं झोपलेल्या बाळाच्या गालावरून फिरवावं.

निकालाच्या दिवशी आत्याने चिकटपट्ट्या सोलल्या. पकडकाकांचा रंग नापास झाल्यातच जमा होता. आत्याचा रंग उन्हाने किंचित उतरला होता, पण नखाने ओरखडा निघत नव्हता. भिंगरीच्या पट्टीला मात्र काही म्हणजे काही झालं नव्हतं. झाकलेली बाजू कुठे संपते आणि उघडी कुठे सुरू होते, हेही कळत नव्हतं.

आत्याने ती उजेडात वर धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"असा रंग मी आजवर बघितला नाही," ती हळूच म्हणाली. मग तिने भिंगरीकडे पाहिलं. "रोज चोळलंस ना गं?"

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता, आणि तो फार लहान होता.

"हो," ती म्हणाली.

आत्या हसली. तिने भिंगरीचा तो घामट हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नंतर आपले हात कशालाही पुसले नाहीत. "मग हाच लावायचा. पकडभाऊ, पोरीने आपल्या दोघांना हरवलं बघा."

पकडकाकांनी पकड छातीशी धरून मान लववली. भिंगरीला हसायचं होतं, पण गाल जागचे हलेनात.

गाडी तयार झाली. आतून अशी चमकत होती, की घड्याळजी दारात उभे राहून नुसतेच बघत राहिले. जाताना आत्या त्यांना म्हणाली, "रंग हिने निवडलाय हं." घड्याळजींनी भिंगरीला चक्क सलाम ठोकला. इतरांना जिंकल्यावर काय वाटतं कोण जाणे; भिंगरीला वाटलं, कुठेतरी कोपऱ्यात जाऊन तोंड लपवावं.

काही आठवडे गेले. उन्हं वाढली. आणि एका दुपारी घड्याळजी परत आले. त्यांनी उजवा हात पुढे केला. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर, कोपरापाशी, वाटाणा-हिरवा डाग होता.

"तुम्ही गाडी रंगवलीत," ते हसत म्हणाले, "आणि गाडीने मला."

कुणीच हसलं नाही. ते सगळ्यांना गाडीपाशी घेऊन गेले. दाराची कड चिकट झाली होती. कप्प्याच्या झाकणावर अंगठ्यांचे ठसे होते आणि एका जागी रंग सुरकुतून गोळा झाला होता. "ताई पण बसली होती," घड्याळजी म्हणाले. "तिचा हातरुमाल गेला. पण ती म्हणाली, लहानपणी पण तू मला काही ना काही फासायचासच."

त्यांनी एक शब्द रागाने उच्चारला असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

आत्या खाली वाकून झाकणाकडे बघत होती. तिच्या मानेपर्यंत लाली चढली होती. "माझं नाव बुडालं," ती पुटपुटली. "इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं." मग ती सरळ झाली. "पट्टीवर तर टिकला होता. रोज चोळून टिकला होता. म्हणजे नंतर घेतलेल्या डब्यातच खोट. भिंगरी, डबा घे. चल माझ्याबरोबर."

बाळांनो, त्या रस्त्याची रुंदी ती किती! पण डबा हातात धरून आत्याच्या मागून चालताना भिंगरीला तो संपता संपेना. आत्ता सांगू, या खांबापाशी सांगू, दुकानाच्या पायरीवर सांगू, असं म्हणता म्हणता पायरी आली.

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक गवंडी, ब्रश बघणारी एक बाई, आणखी दोघं. आत्या आधीच चिडलेली, त्यातून आजोबांना ऐकू कमी. पहिलं वाक्य त्यांना कळलंच नाही. तेव्हा आत्याने आवाज चढवला, आणि मग तो चढलेलाच राहिला.

"शिळा रंग दिलात मला! माणसाच्या कपड्यांना लागतोय! तुमच्या भरवशावर गाडी रंगवली मी!"

गवंडी वळून बघायला लागला. पलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर आला. आजोबांनी कानामागचा हात हळूच खाली घेतला. आता त्याची गरज नव्हती.

'मी सांगितलं होतं, लावून बघा,' असं त्यांनी म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला. पुन्हा घेतला. "मला तर बरा वाटला होता," ते म्हणाले. "माझंच काहीतरी चुकलं असेल. बदलून देतो, आत्ता देतो."

भिंगरी पायरीवर उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं तिला झालं होतं. पण जमीन कसली दुभंगते. ती सगळं ऐकत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आत्या झाकणावरचा रंग खरवडत बसली होती. मऊ रंग पॉलिश पेपरवर लगद्यासारखा बसायचा. दोनदा घासलं की कागद टाकून द्यावा लागे. आत्या गुणगुणत नव्हती. पकडकाका थट्टा करत नव्हते.

"मी घासू?" भिंगरीने विचारलं.

"नको. तू अभ्यास कर. तुझं काम तू चोख केलंस."

त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर परवडलं असतं.

ती बाहेर पडली ती सरळ घरी जायला. पण समोर आजोबांनी त्या रंगाचे सगळे डबे फळीवरून खाली उतरवले होते. ते एकेक डबा उघडत होते, काडीने ढवळत होते, वास घेत होते आणि मान हलवत होते. भिंगरी दिसताच त्यांनी हाक मारली.

"ये गं इकडे! तुझं नाक कोवळं आहे. बघ जरा, हा शिळा वाटतो का?"

भिंगरी वाकली. डब्यातून रंगाचा स्वच्छ, झणझणीत वास आला. ताज्या रंगाचा. या डब्यात काहीसुद्धा खोट नव्हती.

"काय वाटतं?"

"मला... माहीत नाही," भिंगरी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नसावं, पण तिची हललेली मान दिसली.

"मलाही कळेना." आजोबा स्टुलावर बसले. हातातली काडी त्यांनी उगाचच डब्याच्या काठाला पुसली. "कान तर गेलेच होते. आता नाकही गेलं म्हणायचं. मग दुकानात बसून मी करू काय? द्यावं सोपवून भाच्याकडे. उगाच लोकांची कामं नासवायची."

भिंगरी मागे फिरली. ती धावत नव्हती, तिला धावता येत नव्हतं. कारखान्यात जाऊन तिने दप्तर उलटं केलं, कंपासपेटी उघडली आणि ती सुरकुतलेली पट्टी आत्यासमोर ठेवली. तिच्यावर अजून अंगठ्याचा ठसा होता.

"ही माझी पट्टी," ती म्हणाली. "खरी. खिडकीतली मी बदलली होती. फडताळातली लावली होती."

आत्याने पट्टी उचलली. त्या ठशावर आपला अंगठा टेकवून पाहिला. ती रागावेल, मारेल, हाकलून देईल, असं काय काय भिंगरीने मनात उभं केलं होतं. आत्याने यातलं काहीच केलं नाही. तिचे खांदे खाली आले, एवढंच.

"दोन्ही बाजू एकसारख्या दिसल्या," आत्या शेवटी म्हणाली, "तेव्हाच मला शंका यायला हवी होती. काचेआडचं ऊन कुठल्या रंगाला सोडतं? पण मला तुझं कौतुक करायचं होतं ना." "आणि त्या म्हाताऱ्या माणसाला मी भर दुकानात..."

ती उठून मोरीपाशी गेली आणि हात धुवायला लागली. "मी जाऊन येते. पाय धरते त्यांचे. ओरडले मी, तेव्हा माफी मलाच मागायला पाहिजे."

भिंगरीने आत्याच्या पाठीकडे पाहिलं. रंग नखांतून निघत नव्हता आणि आत्या घासतच होती. तिचं ते घासणं संपलं असतं, मग तिने पदराला हात पुसले असते, रस्ता ओलांडला असता आणि आजोबांसमोर मान खाली घालून उभी राहिली असती. आणि भिंगरी? पुन्हा मागे, पायरीवर.

तिने पट्टी उचलली आणि ती निघाली.

दुकानात त्या वेळीही माणसं होती. कालचा गवंडी तर होताच. उरलेला चुना घ्यायला आला होता. आजोबा डब्यांची झाकणं ठोकून बसवत होते. भिंगरी पायरी चढून आत गेली आणि गल्ल्यासमोर उभी राहिली. तळहातांना इतका घाम आला होता, की पट्टी निसटत होती.

"आजोबा, रंग चांगला होता," ती म्हणाली. "मी पट्टी बदलली."

आजोबांनी हातोडी खाली ठेवली आणि कानामागे हात धरला. "काय गं पोरी? जरा मोठ्याने बोल."

भिंगरीने आजूबाजूला पाहिलं. गवंडी तिच्याकडेच बघत होता. आणखी एक बाई बघत होती. रस्त्यापलीकडे आत्या ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. गाडीखालचे पकडकाकांचे पायही हलायचे थांबले होते.

भिंगरीने छातीभर श्वास घेतला, ठसा उमटलेली पट्टी सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर उंच धरली, आणि काल आत्याचा आवाज जिथवर पोचला होता तिथवर पोचेल अशा आवाजात ती ओरडली,

"रंग चांगला होता, आजोबा! तुमचं नाक बरोबर आहे! खोटं मी बोलले!"